जुन्या लाकडी विमान-प्रोपेलरची ओळख : नाभीवरील खुणांचे वाचन आणि त्याच्या मर्यादा

सारांश

विमानविद्येच्या आरंभकाळातील लाकडी प्रोपेलर आज संग्रहालयांत, फ्लाइंग क्लबांत, लष्करी भोजनगृहांत आणि खासगी घरांच्या भिंतींवर आढळतात. त्यांपैकी बहुतेकांसोबत एखादी मौखिक कथा असते. लेखी पुरावा क्वचितच असतो. अशा वेळी प्रोपेलरच्या मध्यभागी कोरलेली अक्षरे व अंक हाच मुख्य पुरावा ठरतो. या खुणा कोणत्या, निरनिराळ्या देशांत त्या कशा प्रकारे कोरल्या जात, त्यांचा अर्थ लावताना कोणत्या चुका संभवतात आणि प्रत्यक्ष मापनाने त्यांची पडताळणी कशी करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. खुणांवरून प्रोपेलरचा आराखडा, इंजिन व विमानाचा प्रकार निश्चित करता येतो. परंतु विशिष्ट विमान किंवा विशिष्ट वैमानिक निश्चित करता येत नाही, हा या विवेचनाचा मुख्य निष्कर्ष आहे.

बीजसंज्ञा : लाकडी प्रोपेलर, नाभी, आराखडा क्रमांक, पिच, वस्तुरूप पुरावा, जतन

प्रस्तावना

राइट बंधूंनी १९०३ मध्ये यशस्वी उड्डाण केले, तेव्हा त्यांच्या विमानाला सुमारे साडेआठ फूट व्यासाचे, लाकडी थर चिकटवून घडवलेले दोन प्रोपेलर होते. तेव्हापासून सुमारे तीन दशके प्रोपेलर म्हणजे प्रामुख्याने लाकडी प्रोपेलर, असेच समीकरण होते. १९२० नंतर धातूचे प्रोपेलर प्रचारात येऊ लागले आणि १९३० नंतरच्या दशकात उड्डाणातच पात्यांचा कोन बदलता येईल अशा यंत्रणा मोठ्या विमानांवर रूढ झाल्या. लहान व प्रशिक्षण विमानांवर मात्र लाकडी प्रोपेलर टिकून राहिले. आजही अशा विमानांसाठी ते तयार केले जातात. त्यामुळे प्रोपेलर लाकडी आहे, एवढ्यावरून तो पहिल्या महायुद्धातील आहे असे अनुमान काढणे युक्त ठरत नाही.

त्या काळातील विमानांचा सांगाडा लाकडाचा व आच्छादन कापडाचे असे. युद्धानंतर ती मोडीत निघाली, जाळली गेली किंवा उघड्यावर कुजून गेली. प्रोपेलर मात्र सहज सोडवता येणारा, देखणा व भिंतीवर टांगण्याजोगा भाग असल्याने तो अनेक ठिकाणी वाचला. भारतापुरते पाहिले, तर पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनने शिल्लक विमाने साम्राज्यातील देशांना दिली. भारताच्या वाट्याला आलेल्या विमानांत डी.एच.९ व अ‍ॅव्हरो ५०४ या प्रकारांचा समावेश होता. १९२८ पासून मुंबईत जुहू येथे व अन्य शहरांत फ्लाइंग क्लब सुरू झाले आणि तेथे मॉथ जातीची विमाने प्रशिक्षणासाठी वापरली गेली. पुढे टायगर मॉथ हे विमान लष्करी व नागरी प्रशिक्षणात दीर्घकाळ वापरात होते. यांमुळे लाकडी प्रोपेलर आपल्याकडेही आढळणे स्वाभाविक आहे.

अशी वस्तू संग्रहात दाखल होताना ‘हा कोणत्या विमानाचा?’ हा प्रश्न विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा देणाऱ्याच्या सांगण्यावरून नोंदवले जाते. एकदा नोंदवहीत व फलकावर लिहिलेले उत्तर पुढील पिढीला प्रमाण वाटू लागते. म्हणून ही नोंद करण्यापूर्वी वस्तूचीच साक्ष घेणे आवश्यक ठरते.

१. प्रोपेलरची रचना

लाकडी प्रोपेलर एका अखंड ओंडक्यातून क्वचितच कोरला जाई. साधारणतः एक इंच किंवा त्याहून कमी जाडीच्या अनेक फळ्या एकमेकींवर सरसाने चिकटवून ठोकळा तयार केला जाई आणि त्यातून पाती घडवली जात. थरांमुळे लाकडातील दोष एकाच ठिकाणी साठत नाहीत, वाक व पीळ कमी होतो आणि मजबुती वाढते. ब्रिटिश व फ्रेंच कारखान्यांत अक्रोड व महोगनी यांना प्राधान्य होते. अमेरिकेत अक्रोड व महोगनीबरोबर ओकचाही वापर झाला. जर्मनीची युद्धकाळात सागरी नाकेबंदी झाल्याने उष्ण कटिबंधातील लाकूड मिळणे कठीण झाले. त्यामुळे तेथील प्रोपेलरांत अ‍ॅश, मेपल, बर्च यांसारख्या लाकडांचे थर दिसतात. फिकट व गडद थर आलटून पालटून असणे हे अनेक जर्मन प्रोपेलरांचे सहज लक्षात येणारे वैशिष्ट्य आहे.

मध्यभागाच्या जाड ठोकळ्याला येथे ‘नाभी’ म्हटले आहे. नाभीच्या मधोमध इंजिनाच्या दंडावरील धातूच्या हबसाठी मोठे छिद्र असते व त्याभोवती वर्तुळावर बोल्टांची छिद्रे असतात. हबच्या दोन तबकड्यांमध्ये लाकूड घट्ट आवळले जाते. पात्याची जाड व गोलसर धार हवेला प्रथम भिडते, ती अग्रधार. पातळ धार ती पश्चधार. अग्रधार व टोक यांवर पितळी वा अन्य पत्रा बसवलेला आढळतो. पत्रा असल्यास टोकाजवळ बारीक छिद्रे दिसतात. आत शिरलेला ओलावा फिरण्याच्या वेगाने बाहेर फेकला जावा, हा त्यांचा हेतू असतो. काही प्रोपेलरांची टोके कापडाने मढवलेली असतात.

प्रोपेलरची दोन प्रमुख मापे म्हणजे व्यास व पिच. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर हा व्यास होय. पिच म्हणजे, स्क्रू लाकडात फिरावा तसा प्रोपेलर एखाद्या घन माध्यमात फिरला असता, एका पूर्ण फेरीत तो जितका पुढे सरकेल ते अंतर.

२. खुणांचे स्वरूप व स्थान

ठसे बहुधा नाभीच्या बाजूंवर म्हणजे थरांच्या कडा दिसतात त्या पृष्ठभागावर, काही वेळा नाभीच्या पुढील वा मागील तोंडावर छिद्रांभोवती, तर काही वेळा पात्याच्या मुळाशी असतात. ते धातूच्या ठशांनी लाकडात खोलवर ठोकलेले असतात. याखेरीज कारखान्याचे नाव वा बोधचिन्ह असलेला पातळ रंगीत छाप पात्यावर चिकटवलेला असे. तो काळाच्या ओघात सहज नष्ट होतो.

ब्रिटिश प्रोपेलर : यांवरील खुणा सर्वांत तपशीलवार असतात. ‘डीआरजी’ हे ‘ड्रॉइंग’चे संक्षिप्त रूप असून त्यापुढील अंक हा आराखडा क्रमांक असतो. ‘ए.बी.’ ही अक्षरे एअर बोर्ड या युद्धकाळातील शासकीय मंडळाची निदर्शक आहेत. ‘एल.पी.’ ही अक्षरे लँग प्रोपेलर कंपनीच्या आराखड्यांपुढे येतात. ‘डी’ व ‘पी’ या अक्षरांपुढे व्यास व पिच असून पहिल्या महायुद्धकाळात ही मापे बहुतांशी मिलिमीटरमध्ये दिलेली आहेत. इंजिनाची अश्वशक्ती व नाव आणि अनेकदा विमानाचे नावही असते. ‘जी’ अक्षरापुढील अंक उत्पादनाच्या खेपेचा, तर ‘एन’पुढील अंक त्या खेपेतील नगाचा असतो. ‘एल.एच.’ व ‘आर.एच.’ ही अनुक्रमे डाव्या व उजव्या हाताच्या फिरण्याची दर्शक अक्षरे होत. यांव्यतिरिक्त ‘ए.आय.डी.’ असे लहान ठसे आढळतात. ते १९१३ मध्ये स्थापन झालेल्या वैमानिकी तपासणी विभागाचे असून तपासनिसाने माल पसंत केल्याची ती निशाणी आहे.

जर्मन प्रोपेलर : अ‍ॅक्सियल, वोल्फ, हाइने, नीनडॉर्फ, रेश्के ही काही कारखान्यांची नावे होत. बर्लिनच्या एका कारखान्याचे नाव ‘गरुडा’ असे होते, हे भारतीय वाचकास लक्षणीय वाटेल. मात्र त्या नावावरून प्रोपेलरचा भारताशी संबंध जोडता येत नाही. जर्मन ठशांत अश्वशक्तीसाठी ‘पी.एस.’, व्यासासाठी ‘डी’ व पिचसाठी ‘एस.टी.’ ही संक्षेपरूपे येतात. मापे बहुधा सेंटिमीटरमध्ये असतात. ‘१६० पी.एस. मर्सिडीज’ असे शब्द दिसल्यास ते इंजिन १६० अश्वशक्तीचे मर्सिडीज डी-३ होय.

फ्रेंच प्रोपेलर : ल्युसियाँ शोव्हिएर यांच्या ‘अँतेग्राल’ या प्रोपेलरला मोठी प्रसिद्धी लाभली. २५ जुलै १९०९ रोजी लुई ब्लेरिओ यांनी ज्या विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली, त्यावर शोव्हिएर यांचाच प्रोपेलर होता. ‘एक्लेर’ हा प्रोपेलर मार्सेल ब्लॉक या तरुण अभियंत्याने पहिल्या महायुद्धात तयार केला. हेच ब्लॉक पुढे दासो या नावाने विमान-उद्योजक म्हणून ओळखले गेले. फ्रेंच ठशांत ‘सेरी’ या शब्दापुढील अंक आराखड्याच्या मालिकेचा असतो, नगाचा नव्हे.

अमेरिकी प्रोपेलर : येथे मापे फूट व इंचांत असतात. १९१७ मध्ये लाकडाच्या व्यवसायातून प्रोपेलरनिर्मितीकडे वळलेली हार्टझेल, तसेच सेन्सेनिच, फ्लॉटॉर्प, फाहलिन ही नावे दोन महायुद्धांमधील व नंतरच्या काळात आढळतात. सेन्सेनिचच्या खुणांत माप नावातच गुंफलेले असते. उदाहरणार्थ, पायपर जे-३ कब या विमानावर वापरल्या गेलेल्या ‘७२सीके-४२’ या प्रोपेलरचा व्यास ७२ इंच व पिच ४२ इंच आहे.

३. अर्थ लावताना संभवणाऱ्या चुका

खुणा वाचता येणे आणि त्यांचा अर्थ लावता येणे या भिन्न गोष्टी आहेत. पुढील चार चुका वारंवार होतात.

पहिली चूक ‘आर.ए.एफ.’ या अक्षरांबाबत होते. ‘९० एच.पी. आर.ए.एफ.’ असा ठसा पाहून हा प्रोपेलर रॉयल एअर फोर्सचा आहे, असे सहज मानले जाते. वस्तुतः येथे ‘आर.ए.एफ.’ म्हणजे फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरी ही शासकीय संस्था होय आणि ठसा तिने तयार केलेल्या इंजिनाचा आहे. बी.ई.२सी या विमानावर याच संस्थेचे ९० अश्वशक्तीचे आर.ए.एफ.१ए इंजिन होते. रॉयल एअर फोर्स १ एप्रिल १९१८ रोजी अस्तित्वात आले. अक्षरांचा हा गोंधळ टाळण्यासाठीच त्या वर्षी फॅक्टरीचे नाव बदलण्यात आले. चुकीच्या वाचनाने प्रोपेलरचा काळ, मालक व उपयोग या तिन्ही बाबी चुकतात.

दुसरी चूक निर्मात्याच्या देशाबाबत होते. शोव्हिएर यांच्या पद्धतीचे प्रोपेलर ब्रिटनमध्ये इंटिग्रल प्रोपेलर कंपनीने तयार केले. त्यामुळे केवळ नावसाधर्म्यावरून प्रोपेलर फ्रेंच ठरत नाही. मापाचे एकक, ठशातील भाषा व तपासणी विभागाची निशाणी एकत्र पाहावी लागते. इंजिनाचे नावही देश सिद्ध करत नाही. ल रोन व क्लेर्जे ही फ्रेंच इंजिने ब्रिटिश विमानांवर मोठ्या प्रमाणावर बसवलेली होती.

तिसरी चूक कालनिश्चितीची आहे. आराखडा क्रमांकावरून आराखडा केव्हापासून अस्तित्वात होता हे कळते. प्रोपेलर त्याच वर्षी घडवला गेला असे सिद्ध होत नाही. मंजूर आराखड्यावरून पुढेही उत्पादन होऊ शकते. म्हणून ‘या वर्षानंतरचा’ अशी नोंद शास्त्रशुद्ध ठरते. ‘या वर्षीचा’ अशी नोंद करण्यास ठशात तारीख असावी लागते.

चौथी चूक अंकांची अदलाबदल ही होय. खेपेचा, नगाचा व आराखड्याचा अंक यांतील भेद लक्षात न घेता कोणताही मोठा अंक विमानाचा क्रमांक समजला जातो. विमानाचा नोंदणी क्रमांक प्रोपेलरवर कोरण्याची सर्वसाधारण प्रथा नव्हती. कारण प्रोपेलर हा बदलता येणारा सुटा भाग होता आणि एका विमानाच्या हयातीत तो अनेकदा बदलला जाई.

४. मापनाची साक्ष

ठसे अस्पष्ट असले वा नसलेच, तरी प्रोपेलरची मापे बोलतात. आणि ठसे स्पष्ट असले, तरी मापांशी त्यांचा मेळ बसला पाहिजे.

४.१ फिरण्याची दिशा : विमानाच्या मागून पाहता जो प्रोपेलर सव्य म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, तो उजव्या हाताचा समजला जातो. पुढे बसवल्या जाणाऱ्या प्रोपेलरची दिशा ठरवण्यासाठी एक पाते वर येईल असा तो उभा करून त्याची फुगीर बाजू निरीक्षकाकडे ठेवावी. फुगीर बाजू उड्डाणाच्या दिशेला व सपाट बाजू वैमानिकाकडे असते. वरच्या पात्याची अग्रधार निरीक्षकाच्या डाव्या हाताला आल्यास प्रोपेलर उजव्या हाताचा आणि उजव्या हाताला आल्यास डाव्या हाताचा होय. टायगर मॉथवरील जिप्सी मेजर इंजिन डाव्या हाताने फिरते. म्हणून टायगर मॉथचा म्हणून दिलेला प्रोपेलर उजव्या हाताचा निघाला, तर अन्य काही न पाहता ते विधान बाद ठरते. भिंतीवर टांगताना प्रोपेलर पुष्कळदा उलटा लावलेला असतो. त्यामुळे फुगीर बाजू कोणती हे हात फिरवून पाहिल्याशिवाय दिशा ठरवू नये.

४.२ पिचचे मापन : प्रोपेलर टेबलावर आडवा ठेवून नाभीची तोंडे पाणसळीने समतल करावीत. केंद्रापासून त्रिज्येच्या तीन-चतुर्थांश अंतरावर पात्याच्या सपाट बाजूचा आडव्या पातळीशी होणारा कोन मोजावा. त्या अंतराच्या त्रिज्येने होणाऱ्या वर्तुळाचा परीघ गुणिले कोनाचे टॅन्जंट म्हणजे पिच होय. वर उल्लेखिलेल्या ७२ इंची प्रोपेलरची त्रिज्या ३६ इंच, तिचा तीन-चतुर्थांश २७ इंच आणि परीघ सुमारे १७० इंच येतो. पिच ४२ इंच असल्यास कोन सुमारे १४ अंश असला पाहिजे. प्रत्यक्षात तो २० अंश आढळला, तर पिच सुमारे ६२ इंच ठरते आणि ठसा व वस्तू यांचा मेळ बसत नाही. सर्व कारखान्यांनी पिच एकाच ठिकाणी मोजलेले नाही व जुने लाकूड काहीसे पिळवटते. म्हणून किरकोळ फरक ग्राह्य धरावा आणि सर्व पात्यांवर मापन करून सरासरी घ्यावी.

४.३ व्यास व इंजिनाचा वेग : व्यासावरून इंजिनाच्या वेगाची मर्यादा कळते. पात्याच्या टोकाचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरजवळ गेल्यास प्रोपेलरची कार्यक्षमता झपाट्याने घसरते. मर्सिडीज डी-३ इंजिन मिनिटाला सुमारे १४०० फेऱ्या करी. २.८ मीटर व्यासाच्या प्रोपेलरच्या टोकाचा वेग अशा वेळी सेकंदाला सुमारे २०५ मीटर येतो. जे-३ कबचे ६५ अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला २३०० फेऱ्या करते. ७२ इंची प्रोपेलरच्या टोकाचा वेग सुमारे २२० मीटर येतो. दोन भिन्न युगांतील ही यंत्रे टोकाच्या वेगाबाबत जवळपास सारखीच आहेत. उलट २.८ मीटर व्यासाचा प्रोपेलर २३०० फेऱ्यांनी फिरवल्यास टोकाचा वेग सुमारे ३३७ मीटर होईल. याचा अर्थ असा, की एवढा मोठा प्रोपेलर लहान, वेगवान इंजिनावर थेट बसवलेला असणे संभवत नाही. तो मंद गतीच्या किंवा दंतचक्रांनी वेग कमी केलेल्या इंजिनाचाच असला पाहिजे.

४.४ नाभी : मधल्या छिद्राचा व्यास, नाभीची जाडी, बोल्टांची संख्या व बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास ही चार मापे इंजिनाच्या हबशी निगडित असतात. यांतील एक जरी जुळले नाही, तरी प्रोपेलर त्या इंजिनावर बसू शकत नाही. ही मापे मिलिमीटर व इंच अशा दोन्ही एककांत नोंदवावीत. कोणत्या एककात पूर्णांक येतो यावरून मूळ आराखड्याच्या देशाचा अंदाज येतो.

५. ओळखीची मर्यादा

आराखडा, इंजिन व मापे यांचा मेळ बसल्यानंतरही एक अडचण उरते. एका विमानप्रकारावर अनेक इंजिने व म्हणून अनेक प्रोपेलर वापरले गेले. सॉपविथ कॅमल हे विमान १३० अश्वशक्तीच्या क्लेर्जे, ११० अश्वशक्तीच्या ल रोन व १५० अश्वशक्तीच्या बेंटली इंजिनांसह तयार झाले. अ‍ॅव्हरो ५०४के या प्रशिक्षण विमानाची पुढची चौकट निरनिराळी इंजिने बसवता यावीत याच हेतूने योजलेली होती. याउलट एकच इंजिन अनेक विमानांवर असे. अतएव इंजिनाचे नाव कोरलेले असले व विमानाचे नसले, तर संभाव्य विमानांची यादी देणे हेच प्रामाणिक उत्तर ठरते.

या संदर्भात एस.ई.५ए या लढाऊ विमानाचे उदाहरण उद्बोधक आहे. इंद्रलाल रॉय हे बंगाली वैमानिक १९१८ मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या ४० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये एस.ई.५ए चालवीत असत. त्याच वर्षी २२ जुलै रोजी ते हवाई लढाईत मृत्युमुखी पडले. एखाद्या एस.ई.५एच्या प्रोपेलरवर सर्व ठसे स्पष्ट आहेत व मापे जुळतात, असे समजू. त्या प्रोपेलरवरून काय सिद्ध होईल? या विमानावर दंतचक्रयुक्त हिस्पानो-सुइझा व थेट जोडणीचे वुल्झली व्हायपर ही भिन्न इंजिने होती. दंतचक्रांच्या साध्या जोडीमुळे फिरण्याची दिशा उलटते. म्हणून विमानाला यांपैकी कोणते इंजिन होते, हे प्रोपेलरवरून सांगता येईल. परंतु तो रॉय यांच्या विमानाचा होता हे त्यावरून सांगता येणार नाही. त्यासाठी तुकडीची रोजनिशी, पत्रे, त्या काळचे छायाचित्र किंवा हस्तांतराची अखंड लेखी साखळी लागेल. नाभीवर नंतर बसवलेली पितळी पाटी हा अशा साखळीचा एक दुवा असू शकतो. ती स्वतःहून पुरावा ठरत नाही.

खुणांचे सामर्थ्य मुख्यतः खंडनात आहे. एखादा दावा अशक्य असल्याचे त्या निश्चितपणे दाखवतात. दावा शक्य असल्याचेही त्या दाखवतात. परंतु शक्यतेचे रूपांतर निश्चितीत करण्याचे काम कागदपत्रांचे आहे.

६. नक्कल व अस्सल यांतील भेद

शोभेसाठी घडवलेले व मुद्दाम जुनाट दिसेल असे केलेले प्रोपेलर बाजारात येत असतात. त्यांची पारख करताना तीन बाबी उपयुक्त ठरतात. पहिली, उपयोगाच्या खुणा. वापरलेल्या प्रोपेलरच्या नाभीच्या तोंडांवर हबच्या तबकड्यांचे वर्तुळाकार दाब व बोल्टांच्या छिद्रांत घर्षणाच्या खुणा दिसतात. अग्रधारेवर खडे व पाण्याचे थेंब यांचे व्रण असतात. दुसरी, लाकडाचे आकुंचन. लाकूड तंतूंच्या दिशेने फारसे आटत नाही, आडव्या दिशेने आटते. परिणामी अनेक दशकांपूर्वी गोल कोरलेले छिद्र आज किंचित लंबगोल झालेले असते. तिसरी, पात्याचा आकार. शोभेच्या वस्तूत दोन्ही पात्यांचे कोन, जाडी व वजन यांत समतोल राखण्याची गरज नसते. खऱ्या प्रोपेलरमध्ये तो असावाच लागतो.

न वापरलेला प्रोपेलर मात्र नकली ठरत नाही. युद्ध संपल्यावर कित्येक नवे प्रोपेलर गोदामांतूनच विकले गेले. त्यांच्या नाभीत घड्याळ बसवणे, पाती कापून चौकटी बनवणे हे प्रकारही झाले. टोके कापलेली असल्यास मोजलेला व्यास ठशातील व्यासापेक्षा कमी येतो. तेथे विसंगतीचे कारण नक्कल नसून नंतरचा फेरफार हे असते. तसेच हवाबोगद्याचे पंखे, विमानावरील वातचलित जनित्रांचे लहान पंखे यांनाही प्रोपेलर समजले जाते. मुळाशी धातूची बैठक असलेले सुटे लाकडी पाते दुसऱ्या महायुद्धातील असू शकते. त्या काळी काही हरिकेन व स्पिटफायर विमानांच्या रोटॉल प्रोपेलरमध्ये दाबून घट्ट केलेल्या लाकडाची पाती होती.

७. नोंद व जतन

महाविद्यालये व स्थानिक संग्रहालये यांच्याकडे अशी वस्तू आल्यास पहिला नियम असा, की ती घासू नये व तिला पॉलिश करू नये. चकचकीत करण्याच्या उत्साहात पॉलिश पेपरने नाभी घासली, की अर्धा-एक मिलिमीटर लाकडासोबत तपासनिसाचे बारीक ठसे कायमचे जातात. जुन्या वार्निशाचा थर व रंगीत छापाचे अवशेष हेही पुरावेच आहेत. कोरडा मऊ ब्रश व सुती कापड यांहून अधिक काही वापरू नये.

अस्पष्ट ठसे वाचण्यासाठी खोलीत अंधार करून एका बाजूने तिरपा प्रकाश टाकावा; सावल्यांमुळे खोलगट अक्षरे उठून दिसतात. प्रकाशाची दिशा बदलत प्रत्येक बाजूची अनेक छायाचित्रे घ्यावीत. ठशांवर पातळ कागद धरून मऊ पेन्सिलीने हलके घासल्यासही अक्षरे उमटतात. मात्र वार्निश सुटत असल्यास हा उपाय टाळावा. ठशांवर खडू वा रंग भरू नये. अक्षरे दिसतात तशीच, ओळींच्या क्रमाने लिहून घ्यावीत; न वाचता येणाऱ्या अक्षराच्या जागी टिंब द्यावे, अंदाजाचे अक्षर भरू नये. शिलालेखांच्या वाचनात हीच शिस्त पाळली जाते आणि तिची योग्यता येथेही तितकीच आहे.

नोंदपत्रकात तीन स्तंभ ठेवणे हितावह ठरेल : वस्तूवर प्रत्यक्ष दिसणारे, त्यावरून निघणारे अनुमान आणि देणाऱ्याने सांगितलेली हकिगत. हकिगत टाकून देऊ नये. कुटुंबाची आठवण हीदेखील इतिहासाची सामग्री आहे. ती अनुमानाच्या स्तंभात मिसळू नये, एवढेच.

कोकण व मुंबईसारख्या दमट हवेत सरसाचे सांधे सैल होण्याची शक्यता असते. प्रोपेलर बाहेरच्या भिंतीवर, खिडकीसमोर किंवा वातानुकूलन यंत्राच्या झोतात लावू नये. दोन पात्यांचा प्रोपेलर शक्यतो आडवा ठेवावा. उभा ठेवल्यास ओलावा खालच्या पात्यात अधिक साठून समतोल बिघडतो. तसेच असा जुना प्रोपेलर कोणत्याही इंजिनावर बसवून प्रात्यक्षिकासाठीही फिरवू नये. वाळलेला सरस दगा देतो व तुटलेले पाते प्राणघातक ठरू शकते.

निष्कर्ष

१. लाकडी प्रोपेलरवरील ठसे हे त्याचे जन्मपत्र असून आराखडा, निर्माता, इंजिन, मापे व तपासणी यांची माहिती त्यांतून मिळते.

२. ठशांची भाषा देशपरत्वे व काळपरत्वे बदलते. ‘आर.ए.एफ.’सारख्या संक्षेपांचा आजच्या परिचयाने अर्थ लावल्यास गंभीर चुका होतात.

३. फिरण्याची दिशा, पिच, व्यास व नाभीची मापे यांनी ठशांची स्वतंत्र पडताळणी करता येते. त्यासाठी मोजपट्टी, कोनमापक व पाणसळ एवढी साधने पुरतात.

४. या अभ्यासातून प्रोपेलरचा प्रकार निश्चित होतो, विशिष्ट विमान वा व्यक्ती नव्हे. ती निश्चिती केवळ समकालीन कागदपत्रांनी होऊ शकते.

५. ठसे नष्ट झाल्यास हा पुरावा पुन्हा मिळवता येत नाही. म्हणून नोंद आधी व साफसफाई नंतर, हा क्रम अपरिहार्य मानला पाहिजे.

पदार्थविज्ञान, इतिहास व संग्रहालयशास्त्र या तीन विषयांचा येथे संगम होतो. महाविद्यालयाच्या आसपास असा एखादा प्रोपेलर उपलब्ध असल्यास या विभागांतील विद्यार्थ्यांना एकत्रितपणे त्याचे मापन व वाचन करण्यास देता येईल. टॅन्जंटचे कोष्टक आणि अभिलेखागारातील नोंद एकाच प्रश्नाच्या उत्तरासाठी कशी लागते, हे त्यातून त्यांना प्रत्यक्ष अनुभवता येईल.